न्हाणी नवी करताय? आधी पाण्याची वाट ठरवा



भात-नाचणी घरात आली, दिवाळी सरली, की आंबोली, चौकुळ, गेळे या आपल्या पट्ट्यात गवंड्यांची धावपळ सुरू होते. कुणी कौले परततो, कुणी पडवी वाढवतो. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एका कामाची भर पडली आहे, ती म्हणजे जुनी न्हाणी मोडून नवे बाथरूम. धबधबे बघायला येणारा पाहुणा आता घरीच उतरतो. त्याला गरम पाणी, शॉवर, कमोड हवे असते. घरात म्हातारे माणूस असले तर त्यालाही कमोडच सोयीचा. तेव्हा हा खर्च चैनीचा आहे असे कुणी म्हणू नये.

तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाने खताबियाण्याचे सांगावे, नळाचे काम त्याला काय कळते? बरोबर आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही कळत नव्हते. मग माझ्याच घरात जे झाले त्यातून शिकलो. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे सांगण्याचा मला थोडाफार अधिकार आहे असे तुम्हाला वाटेल.

घरचा अनुभव

काजूचे पैसे हातात आले होते. आईचे गुडघे दुखत होते. म्हटले, पावसाआधी न्हाणी नवी करून टाकू. फरश्या निवडायला सावंतवाडीला दोन दिवस घालवले. नळ कुठल्या कंपनीचे, बेसिन कुठल्या रंगाचे, यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. पण घाणीचे पाणी जाणार कुठे, यावर मी मिस्त्रीशी दहा मिनिटेसुद्धा बोललो नाही. ‘शोषखड्डा मागे मारूया’ असे तो म्हणाला आणि मी ‘मारा’ म्हणालो.

मागे म्हणजे घराच्या वरच्या अंगाला. तिथून खाली तीस फुटांवर विहीर. ती आमची आणि काकांची सामाईक आहे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काकी जुलाबांनी आजारी पडली. मग आई, मग काकांचा नातू. गावात पाणी तपासायला महिला नेमलेल्या आहेत, त्यांनी विहिरीचे पाणी बाटलीत भरून ठेवले. बाटलीतले पाणी काळे झाले. म्हणजे पाण्यात घाण उतरली होती. काका रागावले नाहीत, पण एवढेच बोलले, ‘‘लोकांका सांगत फिरतंस, नि आपल्या बावीचा काय?’’ मला उत्तर देता आले नाही.

गणपतीपर्यंत माजघराच्या भिंतीलाही ओल आली. न्हाणीतला पाइपाचा एक सांधा भिंतीच्या आत गळत होता. फरश्या बसवण्याआधी तो कुणी तपासलाच नव्हता. तीन ओळी फोडाव्या लागल्या आणि तसल्या फरश्या पुन्हा बाजारात मिळाल्या नाहीत. शोषखड्डा बुजवून दुसऱ्या बाजूला नवा बांधला. एका कामाचे पैसे दोनदा गेले. पैसे पुन्हा मिळतील, पण ते तिघे आजारी पडले ते माझ्या घाईने, हे मनातून जात नाही.

दुसऱ्या वेळी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत नळ कारागिराचा अभ्यासक्रम केलेला एक तरुण बोलावला. त्याने आल्या आल्या फरश्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. घराभोवती फिरला, उतार पाहिला, विहीर पाहिली आणि म्हणाला, ‘‘सायबानू, पाणी खंय जातला ता आधी ठरवया. नळ मागसून.’’ खरे प्लंबिंग इथूनच सुरू होते.

आपली जमीन वेगळी

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाली जांभा. जांभ्याला भेगा आणि पोकळ्या असतात. मातीतून पाणी मुरते तेव्हा ते गाळले जाते, पण जांभ्याच्या भेगेतून ते गाळल्याशिवायच वाहते. पावसाळ्यात जमिनीतले पाणी इतके वर येते की उन्हाळ्यात कोरडा असलेला खड्डा जुलैत आपोआप भरतो. म्हणून शहरातला नकाशा इथे जसाच्या तसा चालत नाही.

भारतीय मानकांत सेप्टिक टाकीच्या शोषखड्ड्यासाठी पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट अंतर सांगितले आहे. जांभ्यात हे अंतर कमीत कमी समजा. जागा असेल तर आणखी लांब जा आणि खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला कधीच घेऊ नका. शेजाऱ्याची विहीर आणि झरासुद्धा मोजा. हद्दीचा गडगा घाणीला अडवत नाही.

दोन खड्ड्यांचा संडास असेल तर तो स्वस्त आणि चांगला. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा. पहिला बंद करून दीड वर्ष तसाच ठेवायचा, मग त्यात वास नसलेले कोरडे खत मिळते. पण खड्ड्याचा तळ पावसाळी पाण्याच्या पातळीच्या वर, शक्य तर दोन मीटर वर हवा. जिथे पाणी वर येते तिथे भर घालून उंचवट्यावर खड्डे बांधा. या खड्ड्यांना वाफेचा पाइप लागत नाही, कारण वायू मातीत जिरतो.

सेप्टिक टाकी बांधणार असाल तर माणसे मोजून बांधा. मैला दोन वर्षांनी उपसायचा धरला तर पाच माणसांसाठी आतून सुमारे पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि पाण्याची खोली साडेतीन फूट लागते. दहा माणसांसाठी साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि साडेचार फूट खोल. घरची पाच माणसे आणि शनिवार-रविवारी आठ पाहुणे असतील तर पाच माणसांची टाकी पुरणार नाही. या टाकीला मात्र वाफेचा पाइप हवाच. तो छपराच्या वर न्या आणि तोंडाला डासांची जाळी बांधा.

आणखी एक चूक आपल्याकडे सर्रास होते. पागोळ्यांचे पाणी त्याच टाकीत सोडतात. हिशेब करून पाहा. हजार चौरस फूट छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर नऊ हजार लिटरपेक्षा जास्त पाणी होते. आंबोलीत असा दिवस ही काही नवलाई नाही. एवढे पाणी टाकीत शिरले तर साचलेला मैला तसाच बाहेर ढकलला जातो. पावसाच्या पाण्याची वाट वेगळी आणि मैल्याची वेगळी, हे पक्के ठरवा.

ढाळ आणि पाण्याचा पडदा

मैल्याच्या चार इंची पाइपाला दहा फुटांना दोन ते तीन इंच ढाळ द्या. कमी दिला तर तुंबते. फार जास्त दिला तर पाणी पुढे पळते आणि घट्ट मैला मागे राहतो, तेही तुंबणेच. काटकोनात वळण घेऊ नका, दोन अर्धी वळणे घ्या. जिथे वळण तिथे साफसफाईचे झाकण ठेवा. न्हाणीच्या जमिनीला पाच फुटांना एक इंच ढाळ जाळीकडे हवा. दारात साचणाऱ्या पाण्यावरूनच म्हातारी माणसे घसरतात.

जाळीखाली जो वाकडा भाग असतो त्याला ट्रॅप म्हणतात. त्यात कायम पाणी राहते आणि ते गटाराची हवा घरात येऊ देत नाही. हा पाण्याचा पडदा दोन इंचांचा हवा. पैसे वाचवायला सरळ पाइप बसवला की वास, झुरळे आणि डास तिन्ही घरात. पाहुण्यांची खोली महिनाभर बंद राहिली तर हे पाणी सुकते. आठ दिवसांनी एक तांब्या पाणी ओतत जा.

पाइप कुठला घ्यावा?

पूर्वी लोखंडी जस्ताचा पाइप वापरत. जांभ्यातले पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. ते लोखंड आतून खाते, मग नळाला तांबडे पाणी येते. आता गार पाण्याला यूपीव्हीसी आणि गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप मिळतो. यूपीव्हीसीमधून गिझरचे पाणी नेऊ नका, तो मऊ पडून वाकतो. सीपीव्हीसी ९० अंशांपर्यंतची उष्णता सोसतो. सांडपाण्याच्या पाइपाला दुकानात ‘एसडब्ल्यूआर’ म्हणतात. शेतीचा पातळ पाइप उरला आहे म्हणून तो न्हाणीत वापरू नका. पाइपावर आयएसआय खूण आणि मानकाचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचा. यूपीव्हीसीसाठी ४९८५, सीपीव्हीसीसाठी १५७७८, सांडपाण्याच्या पाइपासाठी १३५९२.

चिकटवण्याचे द्रावणही पाइपाप्रमाणे वेगळे असते. सांधा पुसून कोरडा करावा, द्रावण लावून पाइप थोडा फिरवत आत दाबावा आणि अर्धा मिनिट धरून ठेवावा. आपल्याकडच्या धुक्याच्या दमट हवेत सांधा सुकायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी सोडू नका. नळ बसतो तिथला जोड पितळी आट्यांचाच घ्या, प्लास्टिकचे आटे दोन वर्षांत घसरतात.

चिऱ्याच्या भिंतीत पाइपासाठी आडवी लांब खाच मारू नका, भिंत कमजोर होते. खाच उभी मारा आणि भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल जाऊ नका. माझे मत विचाराल तर जुन्या घरात पाइप भिंतीच्या बाहेरूनच घ्या. दिसायला थोडे कमी, पण गळले तर लगेच कळते. उन्हात राहणाऱ्या पाइपाला रंग द्या, नाहीतर तो ठिसूळ होतो.

टाकी किती उंच?

पाहुणा ‘शॉवरला जोर नाही’ म्हणतो तेव्हा दोष शॉवरचा नसतो, टाकीच्या उंचीचा असतो. दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट उंचीवर एक किलो दाब मिळतो. आपल्या टाकीचा तळ शॉवरच्या वर आठ-दहा फूट असला तरी साधा शॉवर चालतो. दुकानातला भारी शॉवर मात्र जादा दाब मागतो. घेण्याआधी विचारा. हजार लिटरच्या टाकीत पाण्याचेच वजन एक टन भरते. ती कौलारू घराच्या जुन्या भिंतीवर चढवू नका, बाजूला वेगळा चौथरा किंवा लोखंडी मनोरा उभारा. टाकीला झाकण आणि खाली धुण्याचा नळ असू द्या. प्रत्येक न्हाणीला वेगळी चावी ठेवा, म्हणजे एक दुरुस्त करताना सगळे घर बंद पडणार नाही.

बंब, गिझर आणि जीव

आंबोलीतली थंडी तुम्हाला सांगायला नको. गरम पाणी लागतेच. गॅसचा गिझर मात्र बंद न्हाणीत कधीही लावू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस आतच बेशुद्ध पडतो आणि जीव जातो. गिझर बाहेरच्या उघड्या भिंतीवर बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणा. न्हाणीला वरच्या बाजूला कायम उघडी राहणारी जाळीची खिडकी ठेवा. विजेचा गिझर असेल तर अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे बटण हवे. त्यावरचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह बंद करू नका. परसातला लाकडाचा बंब असेल तर तो मोडीत काढू नका, पावसाळ्यात वीज गेली की तोच कामाला येतो.

फरशी बसण्याआधी दोन परीक्षा

हे दोन मुद्दे कापून ठेवा. पहिला, सगळ्या नळांची तोंडे बंद करून हातपंपाने पाइपात दाब भरायचा आणि काटा पाहायचा. दोन तासांत काटा खाली आला तर कुठेतरी गळते आहे. दुसरा, जमिनीवर ओलीला अडवणारा थर दिल्यावर जाळी बंद करून दोन इंच पाणी भरून ठेवायचे, ते पुरे चोवीस तास. खालची किंवा बाजूची भिंत ओली झाली नाही तरच फरशी. मिस्त्री म्हणेल, ‘एवढे कशाला?’ तुम्ही म्हणा, ‘माझी हौस समजा.’ माझ्या घरी हे केले असते तर माजघर सुकेच राहिले असते.

गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा आणि फोटोत मोजपट्टी धरा. पुढे खिळा मारताना उपयोगी पडतो.

पाणी वाचले तर विहीर टिकते

एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये आपल्या विहिरी तळ गाठतात, कारण जांभा पाणी धरून ठेवत नाही. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब सांडतो. वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला तर चार लिटरपेक्षा जास्त. जुनी फ्लशची टाकी एका वेळी दहा-बारा लिटर पाणी घेते, दोन बटणांची नवी टाकी तीन किंवा सहा लिटर. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. त्यातले किती फ्लशला द्यायचे, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

अंघोळीचे आणि धुण्याचे पाणी मैल्यात मिसळू देऊ नका, त्याचा पाइप वेगळा काढा. दगड-वाळूच्या छोट्या हौदातून ते केळी-पोफळीच्या आळ्यात सोडा. रोज दीडशे लिटर पाणी निघाले आणि केळीला पंधरा लिटर धरले, तर उन्हाळ्यात दहा केळी जगतात. कच्च्या खाण्याच्या भाजीला मात्र हे पाणी देऊ नका. दर आठवड्याला आळे बदला, पाणी साचू देऊ नका.

हा वारसा आपल्याच जिल्ह्याचा

मैल्याचे खत करा, हे सांगणारा मोठा माणूस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला. कोकण गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी स्वतःला सफाईचे काम करू द्यावे म्हणून उपोषण केले आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांना साथ दिली. १९४८ साली कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम सुरू केला. तिथे मैल्यापासून खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग झाले, त्याला लोक ‘गोपुरी संडास’ म्हणू लागले. पुढे २०१६ साली देशातल्या सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग स्वच्छतेत पहिला ठरला. तो मान टिकवायचा तर संडास बांधून भागत नाही. खालचा खड्डाही नीट हवा.

आणि आंबोलीची जबाबदारी जास्त आहे, कारण आपण डोक्यावर बसलो आहोत. हिरण्यकेशी आपल्याकडे उगम पावते, आजरा-गडहिंग्लजकडे जाते आणि घटप्रभेतून कृष्णेला मिळते. उगमाच्या महादेवाच्या कुंडात सापडलेल्या छोट्या माशाला २०२० साली शास्त्रज्ञांनी ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव दिले आणि २०२१ साली राज्य सरकारने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आपल्या न्हाणीतले पाणी खालच्या गावांच्या घागरीत जाते, हे लक्षात असू द्या.

गावच्या कारभाऱ्यांना विनंती

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनो, घरदुरुस्तीची किंवा पाहुण्यांच्या खोल्यांची परवानगी मागायला कुणी आला की एक गोष्ट विचारा, ‘खड्डा कुठे आणि विहीर कुठे?’ कागदावर दोन्ही दाखवायला सांगा. पावसाळ्यात पंधरवड्याला विहिरी तपासा. हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर लागते आणि तासभर पाणी काढायचे नसते, हे जलसुरक्षकाने घरोघरी सांगावे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले आणि निवासाच्या जागांसाठी केंद्राचे स्वच्छता हरित पान मानांकन २०२३ साली सुरू झाले. त्यात मैला आणि सांडपाण्याची विल्हेवाट पाहिली जाते. पाहुण्यांवर पोट असणाऱ्यांनी ही माहिती घ्यावी. गावातला एखादा तरुण ‘नल जल मित्र’ प्रशिक्षणाला किंवा नळ कारागिराच्या अभ्यासक्रमाला पाठवा. गावात काम आहे, कारागीर नाहीत.

शेवटी व्यवहाराचे. काम ठरवताना साध्या कागदावर लिहून घ्या. पाइप कुठला, सांधे कुणी तपासायचे, गळले तर कुणी दुरुस्त करायचे. पैसे टप्प्याने द्या आणि दहावा हिस्सा महिनाभर वापर झाल्यावर. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. त्याची मजुरी दोनशे-चारशे जास्त असली तर घासाघीस करू नका. काम एप्रिलअखेर संपवा, मे महिना सुकायला ठेवा.

आमच्या विहिरीचे पाणी पुढच्या पावसाळ्यात चार वेळा तपासले. चारही वेळा बाटली स्वच्छ राहिली. चौथ्या वेळी काका स्वतः बाटली घेऊन आले, उजेडात धरली आणि म्हणाले, ‘‘आता पी.’’ दोघांनीही घोट घोट घेतला.

तुमच्या घरी ही वेळ येऊ नये म्हणून एवढे लिहिले. फरशीचा रंग उद्या ठरवा. आज संध्याकाळी टेप घेऊन परसात जा आणि खड्ड्यापासून विहिरीपर्यंत मोजा.